टाकीतला दाब आणि मनगटावरचा आकडा

पाण्याखाली असताना मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर टाकीतल्या दाबाच्या जागी आडव्या रेघा उमटल्या, की बहुतेक डायव्हर सर्वात आधी मनगट झटकतात. गंमत अशी, की झटकल्यावर पुष्कळदा आकडा परतही येतो, आणि यंत्रात काहीतरी सैल झाले असावे असा ग्रह होऊन बसतो. प्रत्यक्षात सैल काहीच नसते; झटकताना हात कोपरात दुमडतो, मनगट टाकीच्या जरा जवळ येते आणि तेवढ्याने टाकीकडून येणारा बिनतारी संदेश पोहोचतो. वायरलेस दाबमापनाच्या तक्रारी ऐकताना आणि इतरांची उपकरणे हाताळून पाहताना मला हे वारंवार जाणवले आहे, की लोक बिघाड शोधतात तिथे तो सहसा नसतो, आणि जिथे तो असतो तिथला आकडा इतका शहाण्यासारखा दिसत असतो की त्याच्यावर कोणी संशयच घेत नाही.

काट्याच्या गेजची गोष्ट साधी होती. टाकीच्या व्हॉल्ववर बसून हवेचा दाब उतरवणारी ती फर्स्ट स्टेज; तिच्या हाय प्रेशर पोर्टमधून, म्हणजे टाकीचा पूर्ण दाब असलेल्या तोंडातून, निघालेली होज, तिच्या टोकाला एक डबी, आणि त्या डबीत युजीन बूर्दाँ या फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्ये पेटंट घेतलेल्या जातीची वाकडी धातूची नळी. आत दाब वाढला की नळी सरळ होऊ पाहते, आणि तिच्या त्या धडपडीवर काटा फिरतो. हवा आणि काटा यांच्यामध्ये धातूखेरीज कोणी नाही. वायरलेस रचनेत त्याच पोर्टवर अंगठ्याएवढा किंवा त्याहून थोडा मोठा ट्रान्समीटर बसतो, आणि मग साखळी लांबते: दाब मोजणारा सेन्सर, त्याचा आकडा करणारे सर्किट, त्याला चालवणारी बॅटरी, संदेश सोडणारी तारेची गुंडाळी, मधले पाणी, मनगटातली दुसरी गुंडाळी आणि शेवटी पडदा. ‘वायरलेस चालत नाही’ असे कोणी सांगितले, की मी मनातल्या मनात त्याचे तीन प्रश्न करतो. दाब नीट मोजला जातो आहे का, मोजलेला दाब बाहेर पाठवला जातो आहे का, आणि पाठवलेला ऐकू येतो आहे का? तक्रारी बहुतेक तिसऱ्या प्रश्नाच्या असतात, आणि काळजी करावी अशी प्रकरणे बहुतेक पहिल्या.

ऐकू येण्याचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याबद्दलचे गैरसमज सर्वात जास्त आहेत. डाइव्ह कॉम्प्युटर फोनशी ब्लूटूथने बोलतो, म्हणून ट्रान्समीटरही ब्लूटूथनेच बोलत असणार, असे अनेकजण धरून चालतात. पण ब्लूटूथची २.४ गिगाहर्ट्झची लहर समुद्राच्या पाण्यात काही सेंटिमीटर जाण्याआधीच विरते, कारण खारे पाणी वीजवाहक आहे आणि लहर जितकी जलद तितकी ती त्यात लवकर शोषली जाते. म्हणून प्रचलित ट्रान्समीटरांपैकी बरेचसे ३८ किलोहर्ट्झ इतकी खालची वारंवारता वापरतात. या वारंवारतेला समुद्राच्या पाण्यात साधारण सव्वा मीटरमागे संदेशाची तीव्रता एक-तृतीयांशाच्या आसपास उरते. त्यातच हा संदेश दूरवर जाणाऱ्या रेडिओ लहरीपेक्षा गुंडाळीभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रावर चालतो, आणि ते क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते. अंतर दुप्पट झाले की पाण्याने काहीही शोषले नाही तरी क्षेत्र एक-अष्टमांशच उरते. म्हणजे हात दुमडलेला असणे आणि लांब केलेला असणे यांतला फरक आपल्याला दीड-दोन वितींचा वाटतो, पण मनगटातल्या गुंडाळीला तो कुजबुज आणि शांतता यांच्यातला असतो.

गुंडाळीला दिशाही असते, ही गोष्ट त्याहून कमी लोकांना ठाऊक आहे. दोन्ही गुंडाळ्यांचे अक्ष एकमेकांना समांतर असले की जोडणी उत्तम होते आणि काटकोनात आले की ती जवळजवळ तुटते. त्यामुळे ट्रान्समीटर कोणत्या बाजूच्या पोर्टवर बसवला आहे आणि कॉम्प्युटर कोणत्या मनगटावर आहे, या दोन गोष्टी एकत्रच ठरवायला हव्यात. डाव्या मनगटावर कॉम्प्युटर असेल तर ट्रान्समीटरही डावीकडे हवा. फर्स्ट स्टेजला दोन हाय प्रेशर पोर्ट असतील तर हे काम पान्याच्या दोन वळशांचे आहे, आणि तेवढ्याने सुटलेली प्रकरणे मी पाहिली आहेत. पान्याचे नाव काढलेच आहे तर सांगून टाकतो, की इथली हवा आट्यांनी अडत नाही, ओ-रिंगने, म्हणजे रबरी कड्याने अडते. हाताने पूर्ण बसवून पान्याचा हलका हात पुरतो. जोर करून आवळण्याने ट्रान्समीटरच्या मानेवर ताण येण्यापलीकडे काहीही साधत नाही.

कॅमेरा घेऊन उतरणाऱ्या एका सोबत्याची तक्रार होती, की त्याचा आकडा फक्त चांगला मासा दिसला की जातो. ऐकायला हे रडगाणे वाटते, पण ते अगदी अचूक निरीक्षण होते. त्याच्या शेजारी तरंगत पाहिले तेव्हा क्रम स्पष्ट दिसला. मासा दिसला, दोन्ही हात पुढे ताणले गेले, डाव्या मनगटावरचा पडदा ट्रान्समीटरपासून हाताच्या पूर्ण लांबीइतका दूर गेला, फ्लॅश उडाला, आणि फ्लॅश पुन्हा चार्ज होत असताना रेघा उमटल्या. फ्लॅशचे सर्किट बॅटरीचा विद्युत दाब शेकडो व्होल्टपर्यंत चढवते, आणि ते करताना त्यातून जो विद्युत गोंगाट निघतो त्याचा काही भाग नेमका या खालच्या वारंवारतांच्या पट्ट्यात पडतो. पाण्याखालच्या स्कूटरच्या मोटारी आणि काही दिव्यांची सर्किटेही हेच करतात. अंतर आणि गोंगाट यांपैकी एकटे कोणी कदाचित पुरेसे ठरले नसते. दोघे एकत्र आले म्हणून संदेश हरवला. चित्र काढून झाल्यावर त्याने हात जवळ घेतले आणि काही सेकंदांत आकडा परत आला. यात दुरुस्त करण्यासारखे काही नव्हतेच. फार तर कॉम्प्युटर दुसऱ्या मनगटावर किंवा छातीवरच्या पट्ट्यावर घ्यावा, किंवा चित्र काढण्याआधी एकदा आकडा पाहण्याची सवय लावावी.

सगळेच उत्पादक चुंबकीय क्षेत्रावर विसंबलेले नाहीत. गार्मिनने २०२० मध्ये आणलेल्या टी१ ट्रान्समीटरमध्ये ध्वनीचा मार्ग निवडला आहे. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो आणि खारेपणाने त्याचे फारसे अडत नाही, म्हणून सोबत्याच्या टाकीतला दाबही आपल्या मनगटावर दिसू शकतो. त्याच्या तक्रारींचा स्वभाव मात्र वेगळा असतो. ध्वनीला हवा आवडत नाही. बुडबुड्यांचा पडदा, निओप्रीनच्या पोशाखातली हवा, फुगवलेले जॅकेट, मध्ये आलेले शरीर यांनी तो अडतो. ३८ किलोहर्ट्झच्या ट्रान्समीटरसाठी शिकलेल्या युक्त्या इथे डोळे मिटून लावू नयेत आणि इथल्या तिथे लावू नयेत.

संदेश अखंड वाहत नाही, तो काही सेकंदांनी एकदा जातो. पाच सेकंदांच्या आसपासचे अंतर सर्रास आढळते. एकाच डायव्हरकडे दोन टाक्या आणि दोन ट्रान्समीटर असतील आणि दोघांची लय तंतोतंत एकच असेल, तर एखाद्या वेळी दोघांचे संदेश एकमेकांवर पडू लागतात आणि काही काळ पडतच राहतात, कारण लय सारखी असल्याने ते सहजासहजी एकमेकांपासून सुटत नाहीत. यावर एक उपाय म्हणजे मुद्दाम वेगवेगळ्या लयींचे ट्रान्समीटर बनवणे, आणि त्यासाठीच काहींना वेगवेगळे रंग दिलेले असतात. नव्या पिढीतले काही ट्रान्समीटर बोलण्याआधी ऐकतात आणि दुसरा बोलत नाही अशी वेळ साधून बोलतात. दोन टाक्यांच्या जोडणीत एक आकडा मध्येच जातो, बराच वेळ परत येत नाही आणि मग आपोआप परततो, असे होत असेल तर बॅटरी बदलण्याआधी ट्रान्समीटरांचे रंग पाहावेत.

एखादा संदेश चुकला म्हणून कॉम्प्युटर लगेच रेघा दाखवत नाही. तो शेवटचा आकडा धरून ठेवतो आणि काही कॉम्प्युटरांत अर्ध्या ते दीड मिनिटानंतरच संपर्क तुटल्याचे सांगतो. ही मुभा योग्य आहे, नाहीतर पडदा सतत मिचमिचत राहिला असता. पण तिची किंमत किती, ते एकदा कागदावर मांडून पाहावे. पृष्ठभागावर मिनिटाला १५ लिटर हवा लागणारा माणूस २० मीटरवर, जिथे भोवतीचा दाब तिप्पट असतो, तिप्पट, म्हणजे ४५ लिटर वापरतो. ११.१ लिटरच्या ॲल्युमिनियमच्या टाकीत याचा अर्थ मिनिटाला सुमारे ४ बारची घट (बार हे दाबाचे माप). दीड मिनिट शिळ्या आकड्याची चूक झाली ६ बारची, आणि काट्याचे अनेक गेज एवढी चूक तसेही करतात. आता तोच माणूस ३० मीटरवर प्रवाहाशी झगडत दुप्पट श्वास घेतो आहे असे धरा: मिनिटाला १२० लिटर, म्हणजे जवळजवळ ११ बार, आणि दीड मिनिटात १६. हेही जीवघेणे नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखेही राहिले नाही. बरे, ज्या वेळी माणूस झगडत असतो त्याच वेळी त्याचे हात अंगापासून दूर असतात.

किनाऱ्यावर किंवा बोटीवरच आकडा येत नसेल तर प्रकरण सोपे असते. ट्रान्समीटरला चालू-बंदचे बटण सहसा नसते. काही बार दाब जाणवला की तो जागा होतो, आणि दाब गेल्यावर काही वेळाने झोपतो. टाकीचा व्हॉल्व उघडलाच नसेल तर तो बोलणार नाही, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. याची दुसरी बाजू जास्त खर्चिक आहे. डाइव्ह संपल्यावर व्हॉल्व बंद केला पण सेकंड स्टेजचे, म्हणजे तोंडात धरायच्या भागाचे, पर्ज बटण दाबून होजमधली हवा सोडली नाही, तर आतला दाब तसाच राहतो आणि ट्रान्समीटर रिकाम्या खोलीत रात्रभर आपला आकडा सांगत बसतो. ‘बॅटरी फार लवकर संपते’ या तक्रारीमागे मला बहुधा एवढेच सापडते.

जागा झालेला ट्रान्समीटर आपलाच आहे का, हा पुढचा प्रश्न. काहींच्या अंगावर सहा अंकी क्रमांक कोरलेला असतो आणि तो कॉम्प्युटरमध्ये हाताने भरावा लागतो. एक अंक चुकला की संपर्क नाही. हा प्रकार मला पसंत आहे, कारण त्यातली चूक उघडी पडते. काही जोड्या मात्र जवळ धरून जुळवाव्या लागतात. गर्दीच्या बोटीवर शेजारच्या टाकीशी जुळणी झाली तर पडद्यावर एक अगदी विश्वासार्ह आकडा येतो, फक्त तो दुसऱ्याच्या हवेचा असतो. तपासणी सोपी आहे. व्हॉल्व बंद करावा, सेकंड स्टेजचे पर्ज बटण हळूच दाबून थोडी हवा सोडावी आणि दहा-पंधरा सेकंद थांबावे. मनगटावरचा आकडा उतरला तर तो आपला. मग व्हॉल्व पुन्हा पूर्ण उघडण्यास विसरू नये.

बॅटरीबद्दल एकच गोष्ट मनात ठेवावी: ती कमी झाल्याची सूचनाही त्याच संदेशातून येते, म्हणून पार संपलेली बॅटरी काहीच सांगत नाही. अनेक ट्रान्समीटरांत सीआर२ जातीची ३ व्होल्टची लिथियम बॅटरी असते. उबेत मोजली की ती ठीक भरते, आणि थंड पाण्यात संदेश सोडण्याच्या क्षणी तिचा व्होल्टेज कोसळतो. त्याच मापाच्या रिचार्जेबल बॅटऱ्यांचा व्होल्टेज वेगळा असतो; उत्पादकाने स्पष्ट परवानगी दिली नसेल तर त्या वापरू नयेत. बॅटरीपेक्षा मला तिच्या झाकणाची भीती जास्त वाटते. मध्येच आकडा देणारा आणि मध्येच गप्प होणारा एक ट्रान्समीटर मी उघडून पाहिला होता. झाकणाच्या ओ-रिंगवर वाळूचा एकच कण चिकटला होता, त्याच्या शेजारून खाचेत पाण्याची एक बारीक वाट पडली होती, आणि आतल्या स्प्रिंगच्या टोकावर हिरवट पूड धरली होती. बॅटरी नवी होती, आणि ती बदलतानाच तो कण आत गेला असणार. झाकण उघडायचे तर कोरड्या हातांनी, चांगल्या उजेडात; खाच धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसावी, ओ-रिंग बोटांतून फिरवून चीर जाणवते का पाहावे, ग्रीसचा फक्त तवंग द्यावा. हलत्या बोटीवर हे करू नये.

इथपर्यंतच्या सगळ्या बिघाडांत एक चांगुलपणा आहे, शेजारच्या टाकीचे प्रकरण सोडल्यास: आकडा जातो आणि गेला हे कळते. आकडा न जाता फसवतो तेव्हाची गोष्ट निराळी. त्यातला निरुपद्रवी प्रकार तापमानाचा. नुकतीच भरलेली, उन्हात ठेवलेली टाकी ४५ अंशांवर २०० बार दाखवत असेल, तर २५ अंशांच्या पाण्यात निवल्यावर एकही श्वास न घेता ती १८७ च्या आसपास येते. पहिल्या काही मिनिटांत आकडा असा घसरला की गळतीचा संशय येतो, आणि हवा किती मिनिटे पुरेल याचे गणित मांडणाऱ्या कॉम्प्युटरला ही घट आपण श्वासात घेतलेली हवाच वाटते. ते गणित सहसा मागच्या काही मिनिटांच्या सरासरीवर चालते, म्हणून सुरुवातीला कॉम्प्युटर ते दाखवतच नाही किंवा निराशाजनक दाखवतो. टाकी आणि पाणी यांचे तापमान जुळेपर्यंत त्या मिनिटांकडे मी पाहत नाही. पुढेही ती मिनिटे सध्याच्या खोलीवर आणि सध्याच्या श्वासावर आधारलेली असतात. सोबत्याला हवा द्यावी लागली तर ती कुठेच लागू राहत नाहीत.

घातक प्रकार अर्धवट उघडलेल्या व्हॉल्वचा. व्हॉल्व जेमतेम उघडा असला तर टाकीत हवा भरपूर असते, पण ती फर्स्ट स्टेजपर्यंत अरुंद फटीतून येते. श्वास घेताना फर्स्ट स्टेजमधला दाब खाली जातो, श्वास सोडताना पुन्हा भरून येतो. पृष्ठभागावर एवढी फट पुरते आणि काहीच जाणवत नाही. ३० मीटरवर तोच श्वास चौपट हवा मागतो, आणि तेव्हा फट पुरी पडत नाही. काट्याच्या गेजवर हे लगेच दिसते: प्रत्येक श्वासाबरोबर काटा दचकून खाली येतो आणि परत चढतो. वायरलेस ट्रान्समीटर मात्र काही सेकंदांनी एकदाच बोलतो. त्याचे मोजमाप दोन श्वासांच्या मधल्या क्षणी झाले तर तो भरलेल्या टाकीचा आकडा सांगेल, पुढचे मोजमापही तसेच झाले तर पुन्हा तोच, आणि पडद्यावर अगदी स्वस्थ दाब दिसत असताना डायव्हरला श्वास जड जाऊ लागेल. आकडा खोटा नसतो. त्या क्षणी तिथे तेवढाच दाब होता. आपल्याला हवी असलेली गोष्ट त्या क्षणात नव्हती, एवढेच.

म्हणून व्हॉल्व पूर्ण उघडा असल्याची खात्री हाताने करावी, आकड्यावरून नव्हे. पूर्ण उघडून पाव वळसा मागे घेण्याची जुनी रीत अनेकांनी सोडली आहे, कारण उघड्याऐवजी बंद व्हॉल्वला पाव वळसा दिला गेला तर हाताला फरक कळत नाही. पाण्यात उतरण्यापूर्वी रेग्युलेटरमधून तीन-चार खोल श्वास सलग घ्यावेत, ते घेताना काटा असेल तर काट्याकडे पाहावे, आणि फक्त वायरलेस असेल तर श्वास चालू ठेवून आकड्याला दोन-तीनदा ताजे होऊ द्यावे. एक श्वास, एक नजर आणि उडी, हा क्रम वायरलेससाठी फारच घाईचा आहे.

यावरून काट्याचा गेज ठेवावा की काढावा, हा वाद येतोच. काढणाऱ्यांचा मुद्दा असा, की आणखी एक होज म्हणजे फुटण्याची आणखी एक जागा. मुद्दा खोटा नाही, पण हाय प्रेशर होजच्या तोंडाशी सुईच्या टोकाएवढे छिद्र मुद्दाम ठेवलेले असते, त्यामुळे ती फुटली तरी टाकी लो प्रेशर होज फुटल्यापेक्षा पुष्कळ सावकाश रिकामी होते. जिथे वर थेट पृष्ठभाग आहे आणि सोबती जवळ आहे, अशा उथळ डाइव्हला एकट्या वायरलेसवर उतरणाऱ्याशी मी वाद घालत नाही. खोल जायचे असेल, जहाजाच्या अवशेषांत शिरायचे असेल किंवा सोबती अनोळखी असेल, तर माझ्या मते काटा हवा. ट्रान्समीटर फर्स्ट स्टेजवर असा उठून दिसतो, की टाकी उचलताना लोक त्याला मूठ समजून धरतात, आणि तिथे तो मोडू शकतो. मदतीला येणाऱ्याला हे आधीच सांगितलेले बरे.

पाण्याखाली आकडा गेला आणि परत येतच नाही, तेव्हा काय करायचे ते वर असतानाच ठरलेले असावे. डिकम्प्रेशनचे, म्हणजे अंगात मुरलेला वायू सुरक्षितपणे बाहेर पडू देण्याचे, गणित खोली आणि वेळेवर चालते, त्याला टाकीच्या दाबाची गरज नाही. म्हणून कॉम्प्युटरचा तो भाग पूर्वीइतकाच भरवशाचा राहतो आणि वर येण्याचा वेग व सेफ्टी स्टॉप (वर येताना मध्ये घ्यायचा थांबा) त्याच्याच सांगण्याने सांभाळता येतात. मनगट ट्रान्समीटरजवळ नेऊन मी मिनिटभर थांबतो. तरी रेघाच असतील आणि काट्याचा गेज सोबत नसेल, तर सोबत्याला खूण करून डाइव्ह संपवतो. शेवटचा दिसलेला आकडा १५० होता, म्हणजे अजून पुष्कळ हवा आहे, असा युक्तिवाद मला पटत नाही. आकडा का गेला हे पाण्याखाली कळायला मार्ग नसतो, आणि ट्रान्समीटरच्या ओ-रिंगमधून हवा जात असेल तर ती मानेमागे जात असते, जिथे आपल्याला दिसत नाही. सोबत्याला मागून एकदा पाहायला सांगावे.

वर आल्यावर कॉम्प्युटरमधली नोंद उघडून दाबाचा आलेख पाहण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात, आणि खरे निदान बहुधा तिथेच असते. रेघेतल्या मोकळ्या जागा तुरळक आणि अनियमित असतील, तर त्या हात लांब करण्याच्या किंवा फ्लॅशच्या असतात. चित्रांच्या वेळा शेजारी ठेवल्या की लगेच जुळतात. दोन ट्रान्समीटरांपैकी एकाची रेघ बराच वेळ सलग गायब असेल, तर लयींची टक्कर. थंड थरात शिरल्यावर सुरू झालेली आणि वर येताच संपलेली पोकळी बॅटरीकडे बोट दाखवते. आणि रेघ कुठेच तुटलेली नाही, पण एरवी जो गुळगुळीत उतार दिसतो त्याच्या जागी खोलीवर वेडेवाकडे दाते उमटले आहेत आणि वर येताना ते नाहीसे झाले आहेत, असे दिसले तर ट्रान्समीटरला हात न लावता आधी व्हॉल्व किती उघडा होता ते आठवावे. तो पूर्ण उघडा होता याची खात्री असेल, तर फर्स्ट स्टेजच्या तोंडाची जाळी गंजाने किंवा कचऱ्याने तुंबली आहे का ते पाहावे आणि टाकीचा व्हॉल्व व फर्स्ट स्टेज दोन्ही दुरुस्तीला द्यावेत.